मीठ गेलं, स्तोत्रम्!

तूतुकुडी
१३ मे १९८५

जेबमणी अम्मा यांना,

पत्राच्या डोक्यावर आपल्यातल्या रीतीचं 'स्तोत्रम्' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. 'विहीणबाई' लिहायला पेन उचललं होतं, तेही खाली ठेवलं. ते नातं होणार की नाही, हे आता तुमच्या उत्तरावर आहे.

मागच्या रविवारी तुम्ही आणि तुमचे मास्तर आमच्याकडे लग्नाची तारीख काढायला आलात. चहा झाला, हलवा झाला. हलवा तुम्ही परत मागून घेतलात, त्याचं मला काही नाही, माणसानं मागावं. मग तुमच्या मास्तरांनी आमच्या यांना सहज विचारलं, "यंदा मीठ कसं आहे?" आमचे हे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. ते म्हणाले, "गेलं. ईस्टरनंतरच्या पावसात सगळ्या राशी विरघळून गेल्या. झाकायला झावळ्या पुरल्या नाहीत."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. आणि तुम्ही, हातात कप, डोळे आढ्याला, काय म्हणालात? "स्तोत्रम्!" वर चहाचा घोट घेऊन पुन्हा, "स्तोत्रम्, स्तोत्रम्!"

अहो, आमचं वर्षाचं मीठ पाण्यात गेलं आणि तुम्ही देवाची स्तुती करता? लोक जखमेवर मीठ चोळतात. आमच्याकडे मीठही उरलं नव्हतं, तुम्ही नुसतंच चोळलंत.

त्या दिवसापासून हे ताटावरून उठून जातात आणि मिठागराच्या बांधावर बसून राहतात. काल रविवार असून चर्चला आले नाहीत. तुमचा शब्द त्यांच्या वर्मी लागलाय, दुसरं काय? आमचा दवसिंग तुमच्या ब्युलाच्या नावानं सुस्कारे टाकतोय, ते आणखी वेगळंच. मुलगी मला पसंत आहे, हेही सांगून ठेवते. प्रश्न मुलीच्या आईचा आहे.

तुम्ही असं का म्हणालात, ते कळवावं.

ज्ञानसुंदरी मनुवेल


बेथानीपुरम्
१९ मे

ज्ञानसुंदरी अम्मांना प्रभूच्या नावानं स्तोत्रम्!

बघा, झालं! पेन टेकवलं की हाच शब्द उमटतो. खोडायला गेले तर देवालाच काट मारल्यासारखं वाटतं, म्हणून राहू दिलाय. तुम्ही त्यावर बोट ठेवून पुढचं वाचा.

तुमचं पत्र वाचून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अम्मा, मी तुमच्या मिठावर नाही हो म्हणाले. मी कशावरच म्हणत नाही. तो येतो! मास्तर म्हणतात, लोकांना उचकी लागते, तुला स्तोत्रम् लागतं. माझ्या आईनं लावलेली सवय आहे. "देवा, तुझी स्तुती असो," एवढाच अर्थ, पण पाय जमिनीला लागायच्या आत तो म्हणायचा आणि मग दिवसभर जे समोर येईल त्यावर म्हणायचा. दूध आलं, स्तोत्रम्. दूध नासलं, स्तोत्रम्. आई म्हणायची, गोड तेवढं देवाचं आणि कडू ते शेजाऱ्याचं, असा हिशेब धरू नये.

पण त्यापायी माझी काय शोभा होते ते मलाच माहीत. एकदा तिरुनेल्वेलीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की मी पुढच्या बाईच्या टोपलीत पडले आणि ओरडले, "स्तोत्रम्!" कंडक्टर म्हणाला, "असा स्टॉप नाही, अम्मा." गेल्या वर्षी अंगणातली कोंबडी चोरानं डोळ्यांदेखत उचलली. मी दारात उभी राहून स्तोत्रम् म्हणाले. त्या मेल्याला वाटलं, आशीर्वादच मिळाला. पुढच्या आठवड्यात पिल्लं न्यायला आला!

तेव्हा रागावू नका. तुमचे 'हे' देवमाणूस. त्यांच्या मनाला लागलं असेल तर मी बस धरून येते आणि त्यांच्या पाया पडते.

पावसाचं म्हणाल तर इकडे मात्र प्रभूची कृपा झाली. केळी माना टाकून उभ्या होत्या, विहिरीचा तळ दिसत होता. ईस्टर झाल्या झाल्या आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीनं उपास धरून पावसासाठी प्रार्थना केली, आणि तिसऱ्या दिवशी असा कोसळला म्हणता, की पाळक चर्चमधून घरी जाईपर्यंत त्यांची एक चप्पल वाहून गेली. स्तोत्रम्! मास्तर शेजारी बसून म्हणतायत, "हे लिहू नकोस." पण होणाऱ्या विहिणीपासून काय लपवायचं?

सोबत ताडगूळ पाठवतेय. नवा आहे, दातांनी फोडू नका.

तुमची जेबमणी


तूतुकुडी
२७ मे

जेबमणी अम्मा,

म्हणजे तो पाऊस तुमचा!

मी इतके दिवस वाऱ्याला बोल लावत होते, समुद्राला बोल लावत होते. आणि पाऊस पाडणारी माणसं माझ्याच पाटावर बसून हलवा खाऊन गेली!

तुम्हाला ठाऊक आहे, त्याच आठवड्यात इथं आमच्या चर्चमध्ये कशाची प्रार्थना चालली होती? पाऊस पडू नये म्हणून! मिठागरवाले सगळे गुडघे टेकून होते. बिशप तुमचे आमचे एकच, प्रार्थनेचं पुस्तक एकच, देव एकच. मग तुमचं ऐकलं आणि आमचं नाही, ते का? आम्ही सावत्र आहोत का? तुम्ही उपास धरलात, आम्ही जेवून गेलो होतो, म्हणून का? तसं असेल तर आधी कुणी सांगायचं तरी!

तुमचे मास्तर शहाणे आहेत. ते म्हणत होते तेव्हाच पेन खाली ठेवायचं होतंत.

आता एक गोष्ट सांगते. ती लिहायची नव्हती, पण तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते. आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद आहे. माझं लग्न झाल्यापासून ती एक दिवस चुकली नव्हती. हे घरी असतात, पण तोंड भिंतीकडे. मी हाक मारत नाही. दिवा लावते, कांजी शिजवते, दोघं गपचूप जेवतो. अशा घरात येऊन कुणी आढ्याकडे बघून स्तोत्रम् म्हटलं तर माणूस काय करेल? उठून जाईल, नाहीतर कप फेकेल. आमचे हे कप फेकणाऱ्यांतले नाहीत.

तेव्हा माझी अट ऐका. यांच्यासमोर तुमच्या तोंडून तो शब्द निघता कामा नये. लग्नातही नाही. आजपासून सराव करा. महिनाभरात जमलं तर तारीख काढू. नाही जमलं तर तुमची मुलगी तुमच्याकडे, आमचा मुलगा आमच्याकडे. वाईट मलाच वाटेल, पण नवऱ्याला रोज डागण्या देणारी विहीण मला नको.

ताडगूळ चांगला होता. दवसिंगनं सांगूनही दातांनी फोडला. दात दुखतोय.

ज्ञानसुंदरी


बेथानीपुरम्
२२ जून

ज्ञानसुंदरी अम्मांना नमस्कार.

बघितलंत? नमस्कार! पहिला कागद फाडावा लागला, दुसऱ्यावर जमलं.

आधी पावसाचं. तुमच्या मिठावर पाड, असं आम्ही म्हटलं नव्हतं हो! पाळक प्रार्थनेत "आमच्या जिल्ह्यावर" म्हणाले, गावाचं नाव घ्यायला विसरले. मी त्यांना गाठून बोलले. ते म्हणाले, पुढच्या वेळी नीट पत्ता सांगतो.

आता सराव. पहिले दोन-तीन दिवस काय सांगू तुम्हाला! शब्द ओठांवर आला की मी "बरं" म्हणायचं ठरवलं. शेजारीण येऊन म्हणाली, "माझी सासू पडली." मी म्हटलं, "बरं!" ती अजून बोलत नाही. मग ब्युलानं युक्ती काढली. तोंडात ताडगुळाचा खडा धरायचा. खडा आहे तोवर तोंड बंद. युक्ती चांगली आहे, पण माझ्या अंगात साखर वाढेल असं मास्तर म्हणतात.

म्हशीचा मात्र घोटाळा झाला. मी रोज कासेला हात लावताना स्तोत्रम् म्हणायचे. ती त्याच्यावरच पान्हवायची, हे मला काय माहीत! आता मी गप्प बसते तर तीही चरवीकडे बघत गप्प उभी राहते. शेवटी मास्तर गोठ्यात उभे राहून तिला स्तोत्रम् म्हणतात आणि मी पिळते. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस! पण तुमच्या अटीत मास्तर नव्हते, तेव्हा ते चालेल ना?

घर कसं ओसाड झालंय. ब्युला आधी माझ्या तोंडाला लाजायची. बाहेरची माणसं असली की माझा पदर ओढायची, "अम्मा, पुरे." आता ती विचारते, "अम्मा, तुला बरं नाही का?"

अम्मा, मला तुमच्याशी भांडायचं नाही, पण एक सांगते. हा शब्द मी सुखात शिकले असं समजू नका. ब्युलाच्या आधी आम्हाला मुलगा होता. चार वर्षांचा होऊन गेला. त्यानंतर मला सकाळी उठायला कारणच राहिलं नाही. आई येऊन राहिली होती. ती म्हणाली, "उठू नकोस. नुसतं स्तोत्रम् म्हण आणि हवं तर परत नीज." मी म्हणायचे आणि परत निजायचे. मनात काही नसायचं. राग असायचा. किती दिवस असं गेलं. मग एके दिवशी म्हटलं आणि उठून चूल पेटवली. एवढंच झालं, पण त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला नाही. सोडला तर परत निजेन, अशी भीती वाटते.

असो. ब्युलाचं लग्न व्हावं म्हणून मी गप्प बसेन. पोरगी काही बोलत नाही, पण पोस्टमन गल्लीत शिरला की तिच्या हातातलं भांडं खाली पडतं.

जेबमणी


तूतुकुडी
१ जुलै

जेबमणी अम्मा,

घाईत लिहितेय. तुमचं पत्र वाचलं. मुलाचंही वाचलं. त्यावर काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

पण आज वेगळीच गोष्ट झाली. हे सकाळी जेवताना एकदम म्हणाले, "बेथानीपुरम्‌ला बस कुठून मिळते?" इतक्या दिवसांनी आपणहून बोलले ते हेच. मी विचारलं, "कशाला?" म्हणाले, "शनिवारी जाऊन येतो. तोंडावर बोललेलं बरं." मी येते म्हटलं तर नको म्हणाले.

लग्न मोडायला येतायत, मला दुसरं काही वाटत नाही. दवसिंगला मी सांगितलेलं नाही.

तुमच्या हातापाया पडते, शनिवारी तोंड सांभाळा. ताडगुळाचा एक नाही, दोन खडे ठेवा. हे काहीही सांगोत, मान हलवा, चहा द्या, पण तो शब्द नको. एखाद वेळी तुम्हाला गप्प बघून त्यांचा राग निवेल आणि पोरांचं नशीब उघडेल.

ज्ञानसुंदरी


बेथानीपुरम्
७ जुलै

ज्ञानसुंदरी अम्मा,

तुमचे 'हे' काल येऊन गेले. जे झालं ते सगळं लिहिते, माझ्यावर मागून ठपका नको.

ते दुपारी आले. छत्री दाराशी ठेवली, पाय धुतले, बसले. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन खडे गालात धरून उभी. डावा एक, उजवा एक. मास्तरांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?" ते म्हणाले, "झाला." चहा आला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

मग ते म्हणाले, "मास्तर, मी आडपडदा ठेवत नाही. मीठ गेलंय ते तुम्हाला माहीतच आहे. मुलाकडून जे यायला हवं ते माझ्याच्यानं जमणार नाही. रेशमी साडी नाही. गळ्यातली ताली सोन्याची असेल, पण लहान. वाजंत्री नाही. तुम्ही तारीख काढायला आलात त्या दिवशी हे धड सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून रोज सांगेन म्हणतो आणि बांधावर जाऊन बसतो. घरी बायकोच्या तोंडाकडे बघवत नाही. पण तुम्हाला अंधारात ठेवून तुमची मुलगी न्यायची नाही."

अम्मा, मी ऐकतच राहिले! आम्ही काय समजत होतो आणि काय निघालं! बोलायला तोंड उघडायला गेले तर तोंडात ही ढेकळं. गिळवेनात, चाववेनात. मास्तरांचं म्हणाल तर आयुष्यभर घरातलं सगळं बोलणं माझ्याकडे, ते माझ्याकडे बघत बसले. मी मान हलवली. तुम्ही सांगितलं होतंत ना, मान हलवा म्हणून. ती आडवी हलली की उभी, देवाला माहीत.

तुमचे 'हे' माझ्याकडे बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मीठ गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तुम्ही स्तोत्रम् म्हणालात, विहीणबाई. आमच्याकडे जो येतो तो च्च् च्च् करतो आणि आमच्या घराकडे पडक्या भिंतीकडे बघावं तसं बघतो. तुम्ही एकट्या तसं बघितलं नाहीत. मला वाटलं, मीठ गेलं तरी या बाईला आम्ही चालतो. त्या एका शब्दावर मी आज इथवर आलो. पण आज तुम्ही बोलत नाही, तेव्हा मी समजलो. तुमची काही चूक नाही. मुलीचं बघायलाच हवं."

आणि ते उठले हो! छत्री घेतली! मी हातवारे करतेय, त्यांना वाटतंय निरोप देतेय. मास्तर "अहो, अहो" करतायत. एक खडा मी कसाबसा काढला तर दुसरा टाळूला चिकटला!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ब्युला बाहेर आली. हात पिठानं भरलेले. माझी पोर, जी माझ्या या शब्दापायी चारचौघांत माझा पदर ओढायची, ती त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "स्तोत्रम्, मामा. बसा. चहा गार झाला, दुसरा आणते."

तुमचे 'हे' छत्रीसकट खाली बसले. रडले, अम्मा. लपवून नाही, सरळ रडले. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी तोवर मोकळी झाले होते, पण मीही रडत होते. ब्युला चहा घेऊन आली आणि आमच्या तिघांकडे बघून म्हणाली, "आता कुणी म्हशीकडे बघेल का? ती ओरडतेय."

साडी सुती चालेल. वाजंत्री नको, आमच्या मंडळीत गळे पुष्कळ आहेत. तारीख तुमच्या 'ह्यां'नी आणि मास्तरांनी ऑगस्टमधली काढली आहे. पटते का ते कळवा.

माझी अट सुटली का तेही कळवा. सध्या अर्धाच शब्द म्हणते.

तुमची जेबमणी


तूतुकुडी
१३ जुलै

विहीणबाई,

हे आले त्या संध्याकाळी मी दारातच उभी होते. मला म्हणाले, "भूक लागलीय." कांजी जेवले, दुसऱ्यांदा मागून जेवले, आणि मग सगळं सांगत बसले. तुम्ही हातवारे कसे केलेत ते करून दाखवलं आणि स्वतःच हसले. दवसिंग उठून बाहेर गेला. आनंदानं रडायला गेला असेल. आमच्याकडे पुरुष बाहेर जाऊन रडतात, तुमच्याकडे येऊन मात्र घरात रडले म्हणायचे!

तारीख पटली. साडी मी माझ्या पेटीतली काढलीय. माझ्या लग्नाची आहे, रेशमीच आहे. सुती कशाला?

आता मी काय समजले ते सांगते. तुमच्या शब्दानं ते दुखावले, असं मी महिनाभर लिहीत होते. ते दुखावलेच नव्हते. त्याच शब्दाला धरून ते उभे होते आणि मी तुमचं तोंड बंद करून तो काढून घेतला. पोरगी आडवी आली नसती तर माझ्या हातानं माझ्या मुलाचं लग्न मोडलं असतं. दुखावले होते मी. मी देवाशी बोलत नव्हते, विहीणबाई. राशी विरघळताना मी त्या पावसात उभी होते. हे झावळ्या टाकत होते आणि मी वर बघून म्हटलं, "पुरे, थांब." तो थांबला नाही. तेव्हापासून मी बोलणं सोडलं. देवाला काही म्हणता येईना, मग तुम्हाला म्हटलं. तुम्ही उत्तर तरी द्यायचात.

मंगळवारी यांनी मिठागराच्या वाफ्यांत पुन्हा समुद्राचं पाणी घेतलंय. संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. हे म्हणतात, दवसिंग म्हणतो. मी त्यांच्याबरोबर बसते, डोळे मिटते, ओठ हलवते. आतून काही येत नाही. खोटं का लिहू? कधी येईल ते माहीत नाही. तुमच्या आईनं सांगितलं तसं नुसतं म्हणून बघितलं, तर तेही घशात अडकतं.

म्हणून एक मागते. माझी अट सुटली. तुम्ही दिवसभर म्हणा, मिठावर म्हणा, पावसावर म्हणा, म्हशीला म्हणा. आणि रोज सकाळी एक जास्तीचं म्हणा. ते माझ्या वाटणीचं. मला येईपर्यंत तुम्हीच म्हणत जा.

तुमची विहीण,
ज्ञानसुंदरी